पायरी कुणाची, जिना कुणाचा?

विट्याहून एका पालकांनी विचारलंय. मुलीला आठवीत प्रकल्प आहे, 'रोजच्या वापरातला एक शब्द : अर्थ आणि उगम'. तिनं 'पायरी' घेतला आणि घरात वाद सुरू झाला. पायरी हा शब्द 'पाय'वरूनच आला का, की हे नुसतं जुळवलेलं आहे? 'जिना' मराठी की बाहेरचा, आणि बाहेरचा असला तर प्रकल्पात घालायचा का? 'पायरी सोडून बोलू नकोस' म्हणतात त्यातली पायरी हीच का? शेवटी आजोबांनी विचारलं म्हणे, मग पायरी आंब्याचं काय?

मी साताऱ्यात सिव्हिल इंजिनिअर आहे. नव्या बंगल्यांपेक्षा जुने वाडे, घाट, विहिरी यांच्या दुरुस्तीत जास्त रमलो. गवंडी, पाथरवट, सुतार यांच्या तोंडून एखादा शब्द आला की संध्याकाळी कोश काढून बघायचा, ही खोड तिथलीच. त्यामुळे उत्तर थोडं दगडाच्या बाजूनं येईल, थोडं कोशाच्या.

सरळ उत्तर आधी देतो. होय, पायरी 'पाय'चीच. संस्कृत 'पाद', त्यातला 'द' प्राकृतात गळला आणि 'पाअ', 'पाय' झालं, तोच आपला पाय. पुढचा 'री' हा शब्द लांबवणारा प्रत्यय. संस्कृत 'वंश' म्हणजे बांबू, त्याची बासरी झाली. 'कोष्ठ'पासून आपल्याकडे कोठडी झाली आणि हिंदीत कोठरी. या 'डी' आणि 'री'ची अदलाबदल आपल्या भाषांमध्ये सतत चालू असते, हे एकदा ध्यानात आलं की हरिद्वारचा प्रसिद्ध घाट घरचा वाटायला लागतो. 'हर की पैडी' मधली पैडी म्हणजे पायरीच. पंजाबीत 'पौडी' म्हणजे पायरी, आणि गुरबाणीतल्या, म्हणजे शिखांच्या धर्मग्रंथातल्या, एका प्रकारच्या कडव्यालाही पौडीच म्हणतात, कारण कडव्यामागून कडवं चढत जायचं. जुन्या मराठीत 'पाउटी' होती. तिची कानडी बहीण 'पावटिगे'.

तुमच्या जिल्ह्यात तर याचा आणखी एक पुरावा आहे. जतकडे कानडी बोलणारी घरं भरपूर आहेत. त्यांना पायरीला काय म्हणता विचारा, 'मेट्टिलु' सांगतील. कानडीत 'मेट्टु' म्हणजे पाय देणं, तुडवणं. म्हणजे भाषेचं कूळ वेगळं, शब्द वेगळा, पण नाव ठेवताना विचार तोच केलाय : जिथे पाय द्यायचा ती जागा. मुलीनं शेजारच्या एखाद्या कानडी आजींना विचारून हा शब्द त्यांच्या उच्चारासकट लिहून आणला तर प्रकल्पाला जी चव येईल ती नेटवरून उतरवलेल्या चार पानांना येणार नाही.

तर पायरी म्हणजे एक पाऊल टेकण्याची जागा. एकच पाऊल, एकच जागा. माझ्या मते या शब्दाची सगळी गंमत इथंच आहे, बाकीचे अर्थ यातूनच फुटतात.

आता गावात फिरून बघा. किराणा दुकानाला एक पायरी असते. 'पायरीवर बसू नका' अशी पाटी असते आणि तिच्याच खाली चार जण बसलेले असतात. घराच्या जोत्याला दोन-तीन पायऱ्या असतात. यांना कुणी जिना म्हणत नाही. बरं, संख्या वाढली म्हणजे जिना होतो म्हणावं, तर तेही नाही. साताऱ्याजवळ कृष्णा आणि वेण्णा यांच्या संगमावर माहुलीला जा. नदीपर्यंत दगडी पायऱ्याच पायऱ्या आहेत. वाईचा गणपती घाट घ्या, मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागचा घाट घ्या, सांगलीत कृष्णेकाठचे घाट घ्या. कुठंही 'घाटाचा जिना' असं कानावर येणार नाही. सज्जनगडाला पायऱ्या, शिखर शिंगणापूरला पायऱ्या.

लिंब गावातली बारा मोटेची विहीर तर जवळून बघण्यासारखी. छत्रपती शाहू महाराजांच्या काळात, १७१९ ते १७२४ या दरम्यान, वीरूबाईंनी ती बांधवली. खोली सुमारे ११० फूट, व्यास ५० फूट, घडीव काळ्या दगडाचं काम आणि आत चक्क छोटा महाल. रस्त्याच्या पातळीवरून रुंद पायऱ्या खाली उतरत जातात. त्या पायऱ्यांवरून विहिरीत जाताना कुणालाही 'जिना उतरतोय' असं वाटत नाही. पण आतल्या महालाच्या वरच्या अंगाला जाण्यासाठी भिंतीतून जी अरुंद वाट वर जाते, तिला मात्र बरोबरचे लोक न ठरवता 'जिना' म्हणतात. एकाच विहिरीत दोन शब्द, आणि कुणाचा गोंधळ होत नाही.

फरक असा की पायरी ही वस्तू मोकळ्यावर, उतारावर, पाण्याकडे किंवा देवाकडे जाणारी. जिना ही एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर नेणारी रचना. जिन्याला पायऱ्या असतात, पण पायऱ्या असल्या म्हणजे जिना होत नाही. मजला नाही तर जिना नाही.

'जिना' हा फारसी 'ज़ीनः'. फारसीत त्याचा अर्थ शिडी किंवा जिना, हिंदी-उर्दूतही 'ज़ीना' आहेच. आणि तो मजल्याला का चिकटला हे वाडे बघितले की कळतं. आपल्याकडचं सामान्य घर एकमजली, पुढं ओसरी किंवा सोपा, मागं परसू. वर माळा असला तर त्यावर धान्य, लाकूडफाटा, आणि तिथं जायला बांबूची शिडी. आटपाडी, जतकडच्या माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरांनाही शिडी लावली की काम भागायचं. पक्की माडी, दिवाणखाना, वरच्या मजल्यावरची कचेरी ही सरदार-सावकारांची चीज. त्या बांधकामाची बरीचशी भाषा दख्खनी दरबारांतून आली आणि तिच्याबरोबर जिना आला, असं माझं मत आहे. बरोबरच्या मंडळींकडे बघा : दरवाजा, दिवाणखाना, तक्तपोशी (लाकडी फळ्यांचं छत), कमान हे फारसी, बुरूज आणि हौद हे मुळात अरबी, गच्ची ही फारसी 'गच'वरून, म्हणजे चुन्याचा गिलावा. आणि 'माडी' दक्षिणेकडून आलेली, कानडी-तमिळात ती आजही आहे. पण खांब, भिंत, तुळई, उंबरा हे आपल्या जुन्या घरातले, संस्कृत-प्राकृतातून आलेले. म्हणजे जमिनीलगतचं घर जुन्या शब्दांचं आणि वर जाल तसे पाहुणे शब्द वाढत जातात. हा काटेकोर नियम नाही, पण वाड्यात उभं राहून बोट दाखवत गेलात तर बहुतेक जुळतं.

मग जिना प्रकल्पात घालायचा का? घालायचाच. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी, राज्यकारभाराची भाषा आपली असावी म्हणून. ते काम मोठं होतं आणि गरजेचं होतं. पण गवंड्याच्या ओळंब्याला आणि सुताराच्या रंध्याला कोशाची पर्वा नसते. जो शब्द हाताशी असतो तो वापरला जातो आणि दोन-तीनशे वर्षांत तो घरचा होतो. 'जिना' या शब्दाची मराठीत 'जिन्याखाली', 'जिन्यातून', 'जिने' अशी सगळी रूपं चालतात, त्याच्यावर मराठीचं व्याकरण बसलंय. आणखी काय पाहिजे? बाहेरचे म्हणून एकेक काढायला गेलात तर माडीवर जाता येणार नाही, गेलात तर गच्चीवर उभं राहता येणार नाही.

आता वाड्यातला जिना जरा जवळून दाखवतो, कारण 'पायरी'चा अर्थ तिथं मापात सापडतो. जुन्या वाड्यात हा जिना बहुतेक भिंतीच्या जाडीतच बसवलेला असतो. खालचं दार छोटं, वाकून आत शिरायचं. आत अंधार, एका वेळी एकच माणूस. वर पोचल्यावर तोंडावर झडप किंवा फळीचं दार, आतून अडसर घालता येईल असं. जागा वाचते हे एक कारण आणि कुणी घुसलंच तर वरून एकट्यानं अडवता येतं हे दुसरं. टेप लावली तर एकेक पायरी नऊ-दहा इंच उंच भरते आणि पाऊल ठेवायला जागा आठ इंच. म्हणजे पूर्ण पाऊल मावतच नाही, टाच बाहेर राहते. म्हणून वाड्यातली जुनी माणसं जिना उतरताना अंग थोडं तिरकं करून, एक हात भिंतीला लावून उतरतात. ती सवय पायरीनं लावलेली. दगड मधोमध घासून खोलगट झालेला असतो, आणि बारकाईनं बघितलं तर तो खोलगटपणाही बरोबर मध्यावर नसतो, भिंतीचा आधार ज्या बाजूला घेतात तिकडे सरकलेला असतो.

घाटाची पायरी याच्या उलट. उंची सहा-सात इंच, रुंदी फूटभर किंवा जास्त. ओल्या पायांनी, डोक्यावर कळशी, काखेत धुणं घेऊन चढायचं असतं, तिथं टाच बाहेर ठेवून चालणार नाही. दगडावर टाकीचे, म्हणजे छिन्नीचे, बारीक घाव मुद्दाम ठेवलेले असतात, पाय घसरू नये म्हणून. दुरुस्तीच्या वेळी कुणीतरी हमखास सुचवतं की पॉलिश मारून घेऊ, छान दिसेल. छान दिसेल खरं, आणि पहिल्याच पावसाळ्यात दोन माणसं दवाखान्यात जातील.

बांधकामातला एक जुना हिशेब आहे, सतराव्या शतकातल्या ब्लाँडेल नावाच्या फ्रेंच स्थापत्यकाराच्या नावानं तो ओळखला जातो. पायरीच्या उंचीची दुप्पट अधिक पायरीची रुंदी ही बेरीज माणसाच्या एका सहज पावलाइतकी, म्हणजे साधारण ६० ते ६४ सेंटिमीटर यावी. उंची १७ आणि रुंदी २९ घेतली तर ६३ येतात, चढताना कळतही नाही. वाड्याच्या जिन्याचं गणित करा : उंची २५, रुंदी २०, बेरीज ७०. म्हणून दम लागतो. राष्ट्रीय बांधकाम संहितेत राहत्या घराच्या जिन्याला उंची जास्तीत जास्त १९० मिलिमीटर आणि रुंदी किमान २५० मिलिमीटर सांगितलीय, ती बेरीजही ६३० होते. म्हणजे पाद, पाय, पायरी हा जो धागा कोशात दिसतो तोच संहितेतही आहे. पायरीचं माप आजही पावलावरूनच काढतात.

पावलाला हे माप फार पटकन पाठ होतं. पहिल्या दोन पायऱ्या चढलो की तिसरी किती उंच असणार हे पाय धरून चालतो, डोळे तिकडे जात नाहीत. म्हणून सगळ्यांत जास्त ठेचा पहिल्या आणि शेवटच्या पायरीला लागतात. स्लॅब टाकताना मापं सारखी असतात, पण नंतर खालच्या हॉलमध्ये जाड फरशी बसते, वर पातळ टाइल्स बसतात, जिन्यावर ग्रॅनाइट येतो आणि टोकाच्या पायऱ्या इंचभरानं कमीजास्त होतात. इंच म्हणजे काही विशेष नाही असं वाटतं. सेंटिमीटरभर फरकसुद्धा पायाला कळतो. घर बांधत असाल तर गवंड्याला सेंट्रिंगच्या आधीच फरशीची जाडी सांगा, एवढं या निमित्तानं सांगून ठेवतो.

पायऱ्या विषम असाव्यात असंही आपल्याकडे मानतात. काही गवंडी 'इंद्र, यम, राजा' असं मोजत जातात आणि शेवटच्या पायरीवर यम येऊ देत नाहीत. शास्त्र वगैरे बाजूला ठेवा, पण विषम संख्येत एक साधी सोय आहे. उजवा पाय पहिल्या पायरीवर टाकला तर शेवटच्या पायरीवरही उजवाच येतो. घरात उजवा पाय आधी टाकणाऱ्या लोकांना ते आवडणारच.

आता 'पायरी सोडून बोलू नकोस'. ही पायरी तीच. एकाच पावलाची जागा म्हटलं की तिथं एका वेळी एकच जण, आणि त्याच्या वर कुणीतरी, खाली कुणीतरी. तिथून हुद्दा, मान, लायकी हे अर्थ यायला वेळ लागत नाही. आणि हे फक्त मराठीत झालेलं नाही. संस्कृत 'पद' म्हणजे पाऊल आणि पद म्हणजे अधिकाराची जागाही. 'पदवी'चा संस्कृतात अर्थ वाट, रस्ता असा आहे, आपण तिला विद्यापीठात नेऊन ठेवली. 'पद्धत' ही 'पद्धति', म्हणजे पद आणि हति, पावलांनी तुडवून झालेली वाट. आपला 'पायंडा' त्याच चालीचा. 'दर्जा' हा अरबी 'दरजा', त्याचा मूळ अर्थ पायरी. फारसी 'पायः' म्हणजे पलंगाचा पाय, पायरी आणि मानाची जागा, तिन्ही. इंग्रजी ग्रेड लॅटिनमधल्या ग्रॅडस म्हणजे पाऊल-पायरी या शब्दातून आलाय. आठवीच्या निकालपत्रात 'श्रेणी' असा रकाना असतो, ती श्रेणी म्हणजे ओळ, आणि संस्कृतात शिडीला 'निःश्रेणी' म्हणतात. मुलीला सांगा, निकालपत्रावर 'श्रेणी' लिहा, 'दर्जा' लिहा की 'ग्रेड' लिहा, पायरी कुठूनतरी डोकावतेच.

गवंड्यांच्या 'दर्जा भरणे' याच्याशी मात्र हा दर्जा जोडू नका. दगडी भिंतीतल्या सांध्यांत चुना किंवा सिमेंट भरतात त्याला दर्जा भरणं म्हणतात, आणि ती दर्ज फारसी 'दर्ज़' म्हणजे शिवण, फट. दर्जी म्हणजे शिंपी, तो त्याच घरातला. ऐकायला एक, पण दोघांची गावं निराळी. कामावर नवा आलेला पोरगा 'दर्जेदार दर्जा भरा' म्हणाला तर मिस्त्री हसतो, पण चूक काही नाही.

म्हणींत आणि बोलण्यात पायरी दोन्ही बाजूंनी वापरलीय. 'पायरी ओळखून रहा', 'त्यानं आपली पायरी सोडली', 'माझी पायरी काढतोस का' यात समोरच्याला खाली ठेवण्याची भाषा आहे, आणि ती जातीपातीच्या आणि सावकारीच्या काळात फार वापरली गेली हे प्रकल्पात न लाजता लिहावं. 'शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये' यात पायरी म्हणजे दार, उंबरा, तिथलं झंझट. (माहुली हे पेशवाईतले न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांचं जन्मगाव. तिथल्या घाटावर बसून ही म्हण ऐकताना जरा मजा वाटते.) पण याच शब्दाला वारकऱ्यांनी जे केलं ते कुठल्याही कोशात मावत नाही. पंढरपूरला विठ्ठल मंदिराच्या महाद्वारात नामदेव पायरी आहे. संतांची पायधूळ अंगावर पडावी म्हणून नामदेवांनी तिथं समाधी घेतली अशी परंपरा सांगते. लोक त्या पायरीवर पाय न देता तिला हात लावून कपाळाला लावतात. समोरच चोखोबांची समाधी आहे, ज्यांना त्या दारातून आत जाऊ दिलं नव्हतं. 'आपल्या पायरीनं रहा' म्हणणारा समाज आणि 'मला पायरी करा' म्हणणारा संत, दोघांच्या तोंडी शब्द तोच. नामदेवांनी सगळ्यांत खालची जागा मागून घेतली म्हणून तिला मान आला. चोखोबांना मागायची सोयच नव्हती. वारीला जाणाऱ्या घरातल्या मुलीला हे वेगळं समजवावं लागणार नाही.

भाऊबंद शब्दांकडे आता भराभर जातो.

'शिडी' ही हिंदीतल्या सीढीची बहीण. प्राकृतात 'सेढि' म्हणजे ओळ, क्रम. संस्कृतात 'श्रेढी' म्हणजे एकामागून एक वाढत जाणाऱ्या संख्या, भास्कराचार्यांच्या लीलावतीत 'श्रेढीव्यवहार' नावाचं प्रकरणच आहे, आजच्या भाषेत अंकगणिती श्रेढी. दहावीच्या गणितात हा शब्द पुन्हा भेटेल तेव्हा मुलीला ओळख पटेल. शिडी हलवता येते, जिना हलवता येत नाही, हा व्यवहारातला फरक.

'निसण' किंवा 'निसणी' हा निःश्रेणीचा अवशेष. डोंगरात फिरणाऱ्यांना 'निसणीची वाट' माहीत असते. झाडाचा बुंधा खाचा पाडून कड्याला टेकवलेला असतो किंवा तशी निसणी एकेकाळी तिथं असे, तिचं नाव वाटेला राहिलं.

'सोपान' संस्कृत, आणि ग्रंथातला. बोलताना कुणी सोपान चढत नाही. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात योगाला पर्वत म्हटलंय आणि त्यावर चढण्यासाठी कर्ममार्गाचा सोपान सांगितलाय. ज्ञानदेवांच्या धाकट्या भावाचं नाव सोपान, त्यांची समाधी सासवडला. निवृत्ती, ज्ञान, सोपान, मुक्ती अशी चार भावंडांची नावं एका चढणीसारखी वाचणारे कीर्तनकार पुष्कळ ऐकले असतील. आपल्याकडे सोपानराव नावाची माणसं गावोगाव आहेत, त्यांच्यापैकी कितीजणांना आपण 'जिनेराव' आहोत हे ठाऊक असेल कुणास ठाऊक.

'दादर' कोकणात आणि गुजरातीत लाकडी जिन्याला म्हणतात. मुंबईच्या दादरचं नाव याच शब्दाशी जोडलं जातं. आपल्या घाटमाथ्यावर हा शब्द फारसा ऐकू येत नाही. खानदेशात मात्र दादर म्हटलं तर ज्वारी पुढं येईल, तेव्हा जपून.

'घाट' साताऱ्यात दोन अर्थांनी नांदतो. संस्कृत 'घट्ट' म्हणजे पाण्याकाठची उतरायची जागा. तिथून नदीकाठच्या पायऱ्या आणि डोंगरातली उतरण दोन्हीला घाट. वाईत 'घाट उतरून आलो' म्हटलं तर पसरणीचा की गणपतीचा हे विचारावं लागतं. नदीच्या घाटाची पायरी ही पाणी मोजायची पट्टीही असते. सांगलीत आयर्विन पुलावर फुटांच्या खुणा आहेत, धोक्याची पातळी ४५ फूट, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तरी काठावरची माणसं आजही आधी सांगतात ते 'घाटाच्या एवढ्या पायऱ्या बुडाल्या' असंच. फुटांचा आकडा नंतर मोबाईलवर येतो.

आणि 'पायरी शेती'. जावळी, पाटण, महाबळेश्वरच्या बाजूला उतारावर बांध घालून केलेली भाताची खाचरं बघितली असतील. तिथं पायरी एका पावलाची राहिलेली नाही, आख्खं खाचर मावतं. तरी नाव तेच, कारण लांबून बघणाऱ्याला डोंगर चढायला कुणीतरी पायऱ्या पाडल्यासारखं दिसतं.

आता एक खटकणारी गोष्ट. हल्ली फॉर्म भरण्याच्या 'पायऱ्या', पोहे करण्याच्या 'पायऱ्या', बँक खातं उघडण्याच्या 'पायऱ्या' असं सर्रास छापून येतं. इंग्रजी स्टेप्सला समोर दिसला तो शब्द लावला. चूक म्हणता येणार नाही, बीएडच्या पाठ टाचणातही 'पाठाच्या पायऱ्या' पूर्वीपासून आहेत. पण पायरीत चढत जाणं आहे. आधीची चढल्याशिवाय पुढची नाही, आणि वर काहीतरी आहे. शिकण्याला पायऱ्या शोभतात. पोह्यांना 'कृती' असते. योजनेचे किंवा प्रवासाचे 'टप्पे' असतात. सरकार, कंपनी काही करायचं ठरवतं तेव्हा 'पावलं' उचलतात, पायऱ्या उचलत नाहीत. फॉर्म भरायचा तर 'आधी हे करा, मग ते करा' इतकं साधं लिहिलं तरी पुरे. मुलीच्या प्रकल्पात 'स्टेप' हा शब्द मात्र जरूर येऊ द्या, कारण विट्याच्या कुठल्याही अपार्टमेंटमध्ये मुलं आज 'स्टेप्सवर बसलोय' असंच सांगतात. जिना जसा आला तसाच हाही येतोय. राहील की जाईल हे तिच्या नातवंडांना कळेल.

लिहिताना एक काळजी घ्या. अनेकवचन 'पायऱ्या', र अर्धा आणि त्याला या जोडलेला, 'दऱ्या', 'सुऱ्या' सारखा. 'पायर्या' असं लिहिलं तर रफार उडून य वर बसतो आणि उच्चार 'आर्या'सारखा होतो. संगणकावर टाइप करताना ही चूक फार होते, छापायच्या आधी बघून घ्या.

राहिले आजोबा. पायरी आंब्याचा जिन्याशी काही संबंध नाही. हापूस जसा अल्फान्सो या पोर्तुगीज नावाशी जोडतात तसा पायरीचा संबंध गोव्यातल्या पोर्तुगीज काळातल्या 'पेरेस' या आंब्याच्या नावाशी जोडला जातो. मराठी कानाला पेरेस अनोळखी, पायरी ओळखीची, त्यामुळे नाव तिकडे वळलं. रसाला पायरीच चांगली, एवढं मात्र आजोबांचं खरं असणार.